दिनकरअण्णांची बर्फगाडी

रियाधच्या पलीकडे, बुरैदाच्या बाहेर जिथं वाळूच्या टेकड्या सुरू होतात, तिथं मी बर्फावर चालणारी गाडी धावताना पाहिली आहे. हे सांगितलं की लोक हसतात. वाळवंटात बर्फाची गाडी कशाला, असं विचारतात. मीही हसलो असतो. पण ती गाडी दिनकरअण्णांनी वाळूवर चालवून दाखवली, आणि त्यानंतर त्यांचं जे झालं ते जवळून पाहिल्यामुळे मला हसू येत नाही.

तेव्हा तेलाचा पैसा त्या देशात नुकता सगळीकडे पोचू लागला होता. कालपर्यंत उंट बांधलेल्या अंगणांत परदेशी मोटारी उभ्या राहत होत्या. आमच्या कफीलाकडे, म्हणजे ज्याच्या नावावर आमचा व्हिसा होता त्या मालकाकडे, ट्रक होते, बुलडोझर होते, खजुराच्या बागांना पाणी देणारे डिझेल पंप होते, आणि हे सगळं दुरुस्त करणारं एक मोठं गॅरेज होतं. मी नाशिकहून तिथं सुट्या भागांच्या स्टोअरवर गेलो. दिनकरअण्णा सुतार माझ्या आधीपासून तिथं होते.

अण्णा कोल्हापूरकडचे. गुऱ्हाळांची इंजिनं दुरुस्त करण्यात उमेदीची वर्षं गेलेली. बुटके, रुंद, मानेला आखूड, आवाज असा की कुजबुजले तरी शेडच्या पार टोकाला ऐकू जावं. विनय नावाची गोष्ट त्यांच्या अंगात औषधालासुद्धा नव्हती. पहिल्याच दिवशी माझा हात हातात धरून म्हणाले, "देवरेसाहेब, हितं माणसं लई हायती, पर मिस्त्री योकच. कोण, ते तुमाला चार दिवसांत कळंल."

ते कळायला चार दिवससुद्धा लागले नाहीत, कारण ते स्वतःच सांगत फिरायचे. फुशारकी मारायचे, भांडायचे, मी दिलेला प्रत्येक बेअरिंग हातात फिरवून "ह्यो पाहुण्याला द्या" म्हणून परत करायचे. पण काम सुरू झालं की हा माणूस बदलायचा. धोतराचा एक जुना, धुतलेला तुकडा जमिनीवर अंथरायचे आणि काढलेले नट-बोल्ट त्यावर ओळीनं मांडायचे, पंगतीत पानं मांडावीत तसे. त्या फडक्यावरून कोणी पाय टाकला तर अण्णा त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. इंजिनाशी मात्र लाडानं बोलायचे. "ये की आता. किती नखरं करशील? म्या काय परका हाय व्हय?" असं म्हणत हँडल मारायचे, आणि इंजिन धडधडलं की आम्हा सगळ्यांकडे असं बघायचे की जणू आम्हीच ते बंद पाडलं होतं.

शुक्रवारी सुट्टी. त्या दिवशी आम्हा कामगारांच्या कॅम्पच्या स्वयंपाकघरात अण्णांचा तांबडा रस्सा व्हायचा. चटणी त्यांच्या बायकोनं, लक्ष्मीवहिनींनी, घरून पाठवलेली. कांदा दुसऱ्या कोणी कापायचा नाही. दापोलीचे हनीफभाई वेल्डर होते, अण्णांचे शेजारच्या खाटेवरचे दोस्त. ते म्हणायचे, "अण्णा, निदान भात तरी आमच्यावर सोडा." अण्णा म्हणायचे, "तू मासं खाणारा. तुला भाताचं काय कळतंय?" हनीफभाई आयुष्यभर भातच खात आले होते. पण अण्णांशी वाद घालण्यात अर्थ नव्हता.

एका शुक्रवारी असा रस्सा चुलीवर असताना एक म्हातारा शेतकरी दारात आला. त्याच्या बागेतला पंप बंद पडला होता आणि खजुराला पाणी नव्हतं. तो आमचं गिऱ्हाईक नव्हता. अण्णांनी हातातला चमचा हनीफभाईंकडे दिला आणि तसेच, घरच्या कपड्यांवर, त्याच्या पिकअपमध्ये जाऊन बसले. परतले तेव्हा संध्याकाळ झाली होती. अंगभर तेल, डोक्यावर खजुराचं खोकं. उपाशी गेले कशाला, असं मी विचारलं तर म्हणाले, "बंद इंजिन हाय म्हणून ठाऊक झाल्यावर घास उतरतूय व्हय?" यात दयामाया किती होती मला माहीत नाही. दुसरं कोणी ते इंजिन चालू केलं असतं तर अण्णांना झोप लागली नसती, एवढं खरं.

लक्ष्मीवहिनींच्या पोटात दुखायला लागल्याचं त्यांनी मला पहिल्यांदा सांगितलं ते माझा टेपरेकॉर्डर मागायला आले तेव्हा. घरचे लोक त्या काळात कॅसेट भरून पाठवायचे. आवाज ऐकायला मिळायचा आणि लिहिता न येणाऱ्यांची सोय व्हायची. वहिनी कॅसेटवर गल्लीतल्या बातम्या सांगायच्या, म्हशीचं सांगायच्या, मग "तुमची सुनंदा बोलतीया बघा" म्हणून मुलीकडे द्यायच्या. सुनंदा त्यांची एकुलती एक, चौदा-पंधरा वर्षांची. त्या वेळच्या कॅसेटवर वहिनी फारसं बोलल्याच नाहीत. सुनंदा म्हणाली, "अण्णा, आईला मिरजेला दाखवलं. ऑपरेशन करायचं म्हणत्यात. तुमी या."

अण्णांचा करार संपत आला होता, पण पासपोर्ट कफीलाच्या तिजोरीत. देशाबाहेर जायचं तर त्याची सही हवी. आणि तो कफील, बडा शेख, त्या हिवाळ्यात परदेशात होता. सगळा कारभार त्याचा मुलगा सालेह बघत होता.

सालेह वाईट मुलगा नव्हता. विशी ओलांडलेला, हसरा, कामगारांशी हात मिळवणारा. पण पैसा त्याच्याकडे इतक्या अचानक आला होता की 'नंतर' या शब्दाचा अर्थ त्याला कधी शिकावाच लागला नव्हता. नुकताच तो युरोपात बर्फ बघून आला होता आणि येताना ती गाडी घेऊन आला होता. पुढं दोन फळ्या, मागं रणगाड्यासारखा रुंद रबरी पट्टा, मोटारसायकलसारखं हँडल. बर्फावर ही पळते, बर्फ पांढरा, वाळू पिवळी. मग वाळूवर का नाही पळणार, असा त्याचा सरळ हिशोब होता. मित्रांना बोलावून त्यानं ती टेकडीवर नेली. गाडी थोडी चढली, जळक्या प्लास्टिकचा भपकारा आला आणि पट्टा जागच्या जागी अडकला. मित्र हसले.

गाडी अण्णांच्या पुढ्यात आली. त्यांनी ती कुशीवर आडवी केली, फडकं अंथरलं आणि मागचं सगळं सस्पेन्शन बाहेर काढलं. पट्ट्याच्या पोटात दोन लांब रुळ होते आणि त्यांच्या खाली प्लास्टिकच्या पट्ट्या. फिरणारा पट्टा त्यांच्यावरून घासत जायचा. त्या पट्ट्या मेणासारख्या वितळून गेल्या होत्या.

"बर्फात ह्या गार ऱ्हात्यात," अण्णा म्हणाले. "बर्फ लागतंय, पाणी हुतंय, घसरतंय. हितं काय लागणार? वाळू. वाळूनं भांडी घासत्यात."

अण्णा, हनीफभाई आणि मी, आम्हा तिघांपैकी कोणीही बर्फ पाहिलेला नव्हता. तरी अण्णांनी आधी एक पाण्याचा डबा बांधून रुळांवर थेंब थेंब पाणी सोडून पाहिलं. वाळू आणि पाणी मिळून पाट्यावरच्या वाटणासारखा लगदा झाला आणि नव्या पट्ट्या आणखी लवकर झिजल्या. अण्णा स्वतःवरच चिडले. मग म्हणाले की रुळ नकोतच. आत चाकं पाहिजेत. बारकी, रबरी, फिरणारी.

सालेहच्या एका माहितीपुस्तकात तशी गाडी निघाली. त्याच जातीची, पण जुनी; तिच्या मागच्या सस्पेन्शनमध्ये रुळांऐवजी स्प्रिंगवरच्या छोट्या चाकांच्या जोड्या होत्या. "ती जुनी आण," अण्णांनी हनीफभाईंकरवी सांगितलं. हनीफभाईंना अरबी चांगलं यायचं. "तिचं पोट ह्या गाडीत बसवतो."

त्याच वेळी त्यांनी सुट्टीचा विषय काढला. बायको आजारी आहे, ऑपरेशन आहे, जायचं आहे. सालेहनं छातीवर हात ठेवून अल्लाची शपथ घेतली. "वल्ला, तू ही गाडी वाळूवर चालव आणि त्या दिवशी जा. तिकीट माझं. खलास."

अण्णांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला. मी त्या वेळी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. त्यांना तो करार बरोबरीचा वाटला. काम करायचं आणि जायचं. यापेक्षा सोपं काय असणार?

जुनी गाडी खोक्यात बंद होऊन आली. तिची चाकांची चौकट नव्या गाडीच्या पोटापेक्षा अरुंद निघाली, आखूडही. भोकं कुठंच जुळेनात. अण्णांनी दोन्ही बाजूंची फट भरायला लोखंडी बुश, म्हणजे जाड नळीचे तुकडे, केले, आडवे दांडे नवे केले. नवी भोकं पाडायची वेळ आली तेव्हा दिवसभर नुसते गाडीपुढे उकिडवे बसून राहिले. सालेह येऊन "यल्ला, यल्ला" करून गेला. अण्णा हलले नाहीत. "भोक योकदा पाडलं की पाडलं," मला म्हणाले. "घाई त्याला हाय तशी मलाबी हाय. पर पत्र्याला न्हाई."

मधे एक कॅसेट आली. वहिनींचा आवाज इतका बारीक होता की मी टेपचा आवाज पूर्ण वाढवला. त्या म्हणाल्या, "हिकडं काळजी करू नगा. चटणी करून ठेवलीया. तुमी आलासा की घिऊन जावा." एवढंच बोलल्या. मागं कोणीतरी भांडी आवरत होतं, त्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. अण्णांनी टेप बंद करू दिला नाही.

पहिल्या चाचणीत पट्टा छान फिरला. चाकं फिरत होती, वास नव्हता. गाडी अर्धी टेकडी चढली आणि पोटाचा पातळ पत्रा पुढच्या बोल्टापाशी टर्रकन फाटला. चौकट लोंबकळली. सालेह पाय आपटत निघून गेला.

त्या संध्याकाळी हनीफभाईंनी अण्णांना शेडबाहेर बसवलं. मी तिथंच होतो.

"अण्णा, माझं ऐका. फाटलंय ना? तसंच राहू द्या."

"म्हंजे?"

"सांगा, होत नाही. पोराला चार दिवसांत कंटाळा येईल. मला इथं इतकी वर्षं झाली. ज्याचं काम आवडतं त्याला हे लोक सोडत नाहीत. कुचकामी माणसाला मात्र हातात पासपोर्ट देऊन विमानात बसवतात. तुम्ही कुचकामी व्हा. चार दिवसांसाठी व्हा."

अण्णांनी तेलकट हात एकमेकांवर घासले. मग म्हणाले, "म्हंजे म्या सांगायचं, मला येत न्हाई?"

"हो. तेवढंच सांगायचं."

"त्यानं वल्ला म्हणलंय, हनीफ."

"म्हटलंय. तेव्हा त्याच्या मनातही तेच होतं. पण उद्या काय असेल ते त्यालाही ठाऊक नाही."

अण्णा उठले, शेडमध्ये गेले आणि दिवा लावून फाटलेल्या पत्र्यावरून बोट फिरवत बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माझ्याकडे पोलादी पत्रा मागितला. आतून एक, बाहेरून एक, मधे तो फाटका पत्रा, आणि सगळ्याला रिवेट. चाकांच्या बेअरिंगमध्ये वाळू जाऊ नये म्हणून जुन्या तंबूचं लोकरी कापड गोल कापून दोन्ही बाजूंना बसवलं. सालेहच्या शब्दावर विश्वास होता म्हणून, की 'येत नाही' हे तोंडातून निघेना म्हणून, हे मी नंतर पुष्कळदा स्वतःला विचारलं. मला वाटतं त्यांनाही ते वेगळं करता आलं नसतं.

आणि गाडी चालली.

मी ते दृश्य विसरणार नाही. थंड, स्वच्छ दुपार. सालेह टेकडीच्या पायथ्यापासून सुटला तो वाळूचा पिसारा मागं उडवत थेट माथ्यावर, माथ्यावरून पलीकडे, आणि परत. मित्र ओरडत होते. सालेहनं उतरून अण्णांना उचललं, त्यांच्या दोन्ही गालांचे मुके घेतले. अण्णा हसत होते, रडत होते आणि तेवढ्यातही पुढच्या बोल्टाकडे वाकून बघत होते.

त्याच दिवशी आम्ही टेलिफोनच्या ऑफिसात गेलो. कोल्हापूरला गल्लीच्या तोंडाशी एक किराणा दुकान होतं, तिथं फोन यायचा. तास-दीड तासानं लागला. दुकानदारानं सुनंदाला बोलावून आणलं. अण्णा ओरडून बोलत होते. सगळं ऑफिस ऐकत होतं. "म्या येतूय! ह्या आठवड्यात येतूय! आईला सांग, थांब म्हणावं! ऑपरेशनला म्या असणार, काय?"

बाहेर पडल्यावर त्यांनी बाजारातून वहिनींसाठी एक घोंगडी घेतली. मऊ, परदेशी. सुनंदासाठी घड्याळ.

सालेहच्या मित्रांनाही तशाच गाड्या हव्या होत्या. आणखी दोन गाड्या आल्या. "या दोन झाल्या की," सालेह म्हणाला. मग म्हणाला, वडील आले की. तिजोरीची किल्ली त्यांच्याकडे. मग वडील आले आणि रियाधला गेले. रोज सकाळी अण्णा ऑफिसच्या दाराशी उभे राहायचे आणि रोज तोच शब्द, "बुकरा." उद्या. सालेह तो शब्द हसून, खांद्यावर हात टाकून म्हणायचा. त्यात लबाडी नव्हती, हेच भयंकर होतं. त्याला खरंच उद्या करायचं होतं.

अण्णांनी हत्यार खाली ठेवून पाहिलं. काम करणार नाही म्हणाले. मग सालेहनं समजुतीनं सांगितलं की काम नाही तर इकामाही, म्हणजे राहायचा परवानाही, नाही, आणि पोलिसांचा मामला त्याच्या हातात नाही. अण्णांनी पुन्हा पाना उचलला.

कॅसेट यायच्या बंद झाल्या. मग आम्ही पुन्हा टेलिफोनच्या ऑफिसात गेलो. या वेळी अण्णा ओरडले नाहीत. "कवा?" एवढंच विचारलं. मग पुष्कळ वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, "सुनंदाला बोलवा की." पुन्हा थांबले. रिसीव्हर कानाला घट्ट लावून उभे. शेवटी त्यांनी तो माझ्याकडे दिला, बहिऱ्या माणसानं द्यावा तसा. पलीकडून दुकानदार सांगत होता, "ती यीना हो. दारापतुर आली हुती. फोनला हात लावत न्हाई. आई शेवटपतुर दाराकडं बघत हुती म्हणती. 'ह्या आठवड्यात' म्हणून सांगिटलं हुतं न्हवं तुमी?"

मी रिसीव्हर ठेवला. अण्णा बाकावर बसले होते. म्हणाले, "हनीफ म्हणत हुता. योक बोल्ट ढिला ठिवला असता तर म्या तिच्या उशाला असतो." थोड्या वेळानं म्हणाले, "म्या घट्ट आवळला."

सालेहला कळलं तेव्हा तो स्वतः कॅम्पात आला. चप्पल काढून अण्णांच्या खाटेशी जमिनीवर बसला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते खोटं नव्हतं. पासपोर्ट, तिकीट, सगळं त्यानं खाटेवर ठेवलं. जायचं तेव्हा जा, म्हणाला, आणि पुन्हा यायचं नसेल तर येऊ नकोस. हनीफभाईंनी ते मराठीत सांगितलं. अण्णांनी पासपोर्टाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"आता कुठं जाऊ म्हणतोस?" त्यांनी हनीफभाईंना विचारलं.

"मुलगी आहे, अण्णा."

"ती फोनला आली न्हाई."

"फोनला नाही आली. समोर गेलात तर..."

"समोर जाऊन काय दावू? घड्याळ?"

हनीफभाई चिडले, विनवण्या केल्या, शेवटी स्वतःच अण्णांची पेटी भरायला लागले. अण्णांनी पेटीतून घोंगडी बाहेर काढली आणि ती पांघरून भिंतीकडे तोंड करून पडले. विमान त्यांच्याशिवाय गेलं. त्यानंतरचंही.

तो हिवाळा सरायच्या आतच सालेहला बहिरी ससाण्यांचा नाद लागला. तिन्ही बर्फगाड्या गॅरेजच्या मागं उघड्यावर पडून राहिल्या. पहिल्या वादळात त्यांच्या बैठकी वाळूत बुडाल्या. अण्णा कामावर येत होते. काम चांगलंच करत होते. हाताला दुसरं येतच नव्हतं. पण बोलत नव्हते. इंजिनाशीही नाही. चालू झालं की पान्याला लागलेलं तेल पुसायचे आणि पुढच्या गाडीकडे वळायचे. शुक्रवारी आम्ही जे शिजवू ते पुढ्यात घेत आणि बरंचसं तसंच ठेवत. एकदा हनीफभाईंनी मुद्दाम भात जाळला. अण्णांनी तो खाल्ला.

पुढं मला अल-खोबरला दुसरी नोकरी लागली. हनीफभाई कायमचे दापोलीला गेले. अण्णा गॅरेज सोडून खजुराच्या बागांच्या पंपांवर गेले, एवढं कानावर आलं. माझी बायको-मुलगी आली, समुद्राकाठी फ्लॅट झाला आणि बुरैदाशी संबंध तुटला.

काही वर्षांनी खजुराच्या मोसमात आम्ही गाडीनं तिकडं गेलो होतो. पहाटेचा बाजार, पिकअपच्या रांगाच रांगा, मागं उघडी खोकी. त्या गर्दीत एका पिकअपच्या मागं डिझेल पंप बांधलेला होता आणि त्याला टेकून एक वाळलेला माणूस उभा होता. मान आखूड म्हणून ओळखलं. नाही तर ओळखलं नसतं.

"अण्णा!"

त्यांनी पाहिलं. "देवरेसाहेब," म्हणाले. आवाज बसला होता. मी हात धरला, तब्येत विचारली, हनीफभाईंचं सांगितलं. ते मान हलवत राहिले. मग मी विचारायला नको होतं ते विचारलं. "सुनंदा कशी आहे?"

"लगीन झालं म्हणं," ते म्हणाले. "पोरगं चांगलं हाय म्हणं."

माझी मुलगी माझा हात ओढत होती. "पापा, हू इज ही?" तिनं विचारलं. अण्णा तिच्याकडे बघायला लागले. जवळच्या खोक्यातून त्यांनी ओंजळभर खजूर उचलले, खजूरवाल्याला अरबीत काहीतरी सांगितलं आणि ते तिच्या फ्रॉकच्या ओच्यात घातले.

"थँक यू, अंकल," ती म्हणाली.

"काय म्हणती?" अण्णांनी मला विचारलं. त्यांना ते कळलं नसेल असं मला वाटत नाही.

"आभार मानतेय."

"आभार कशाला," ते म्हणाले. तिच्या डोक्यावर हात ठेवायला म्हणून हात पुढं आला, मग त्याला लागलेलं डिझेल बघून त्यांनी तो मागं घेतला.

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. पुढं त्याच्या शेजारची जागा रिकामी होती. अण्णा मागं चढले, पंपाशेजारी, बाजारातून उचललेल्या इतर मजुरांच्या दाटीत. मी काहीतरी ओरडलो, बहुतेक पत्ता द्या म्हणून. पिकअप हलली, धूळ उठली. सगळ्यांनी डोक्याची फडकी तोंडावर ओढून घेतली, अण्णांनीही. त्यानंतर त्या माणसांत ते कोणते, मला सांगता आलं नसतं.